बिऱ्हाडकरूचा कॅमेरा

वऱ्हाडातील जुन्या वळणाच्या घरात बिऱ्हाड भाड्याने देणे म्हणजे केवळ चार भिंती आणि वर छप्पर देणे नव्हे. आमच्या वडनेर भोलजीचेच पाहावे. नांदुरा तालुक्यातील या गावावरून सुरत–नागपूर महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, हल्ली ५३ आहे. महामार्गाच्या कडेस स्वतंत्र जिन्याची व स्वतंत्र नळाची सिमेंटची घरे उभी राहत आहेत खरी. परंतु एका दरवाज्याच्या आत घरमालकाचे कुटुंब आणि आणखी एकदोन बिऱ्हाडे, मध्ये अंगण सामाईक, नळ सामाईक आणि धाब्यावर जावयाचा जिनाही सामाईक, ही रचना या भागात अद्यापि संपलेली नाही. अशा घरात माणसे परस्परांना दिसतात, परंतु परस्परांकडे पाहत नाहीत. न्हाणीतून ओलेत्याने घरात जाणारी आजी, वाळवण राखता राखता पेंगणारी सून, वैशाखातील उकाड्याने हैराण होऊन अंगणात बाजा टाकून निजलेली मंडळी, ही सर्वांच्या दृष्टीस पडतात. आणि दृष्टीस पडूनही आपण ती पाहिलीच नाहीत असे मानण्याची एक जुनी, अंगवळणी पडलेली सभ्यता तेथे नांदत असते. कॅमेऱ्याच्या अंगी ती नसते. त्याच्यापुढे जे येईल ते तो टिपतो, साठवितो आणि मागाहून वाटेल त्यास वाटेल तितक्या वेळा दाखवितो.

आता समजा, एक शिक्षक दांपत्य बदलीने अशा घरी राहावयास आले. उभयता नोकरीवर जाणार; सकाळी दहापासून सायंकाळी पाचपर्यंत घराला कुलूप. दाराबाहेर ठेवलेला गॅसचा सिलिंडर एके दिवशी नाहीसा होतो, आणि दीडदोन हजार रुपयांत मिळणारा वाय-फायवर चालणारा एक कॅमेरा दारावर लावावा, असे त्यांच्या मनात येते. यात गैर काय? काहीच नाही. आपल्या दाराची राखण करण्याचा अधिकार जितका घरमालकास आहे तितकाच बिऱ्हाडकरूसही आहे, आणि जो घरमालक "तुम्ही भाडेकरू, तुम्हाला कॅमेरा कशाला हवा?" असे विचारतो, त्याचा प्रश्न आम्हास समजतच नाही. अडचण पुढेच आहे. भिंत एकाची, खिळा दुसऱ्याचा, वीज तिसऱ्याच मीटरवरची, आणि चित्रात उमटणारे अंगण सर्वांचे! भाड्याच्या घरातील कॅमेऱ्यासंबंधी स्वतंत्र असा कायदा महाराष्ट्रात नाही. त्यामुळे निरनिराळ्या कायद्यांतील कलमे एके ठिकाणी आणून त्यांच्या प्रकाशात हा विचार करावा लागतो.

भिंतीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या शहरांना व गावांना लागू आहे. त्याच्या १६व्या कलमाप्रमाणे घरमालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास घर खाली करून मागण्याचा हक्क मालकास प्राप्त होतो. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लाकडी आडभिंत, स्वयंपाकघरातील ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी पाडलेली खिडकी, वातानुकूलन यंत्र, धुराडे इत्यादी कामे, जेथे लागेल तेथे नगरपालिकेची परवानगी घेऊन केली असता, कायम बांधकामात मोडत नाहीत असे सांगितले आहे. वातानुकूलन यंत्रासारखी अवजड वस्तू जेथे कायम बांधकाम ठरत नाही, तेथे तळहातावर मावणारा आणि दोन स्क्रूंनी बसणारा कॅमेरा तसा ठरेल, असे आम्हास वाटत नाही. ज्या गावांची नावे परिशिष्टांत नाहीत, तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम पाहावा. त्याच्या १०८व्या कलमात दोन्ही बाजूंचे हक्क आणि कर्तव्ये दिली आहेत: मालकाच्या संमतीवाचून कायम बांधकाम करू नये; आपण बसविलेल्या वस्तू ताबा आपल्याकडे असेतोवर काढून न्याव्या; आणि जागा जशी मिळाली तशीच परत करावी.

येथे एक व्यावहारिक सूचना. वऱ्हाडातील पांढऱ्या मातीच्या भिंतीत ड्रिल चालविले की बोटाएवढ्या छिद्राभोवती वीतभर पोपडा निघतो, आणि मग दोन स्क्रूंचे भांडण संबंध भिंतीचे होऊन बसते. कॅमेरा भिंतीवर न लावता आपल्या दाराच्या लाकडी चौकटीवर लावावा. वीज सामाईक दिव्याच्या तारेवरून न घेता आपल्याच मीटरवरून घ्यावी. रक्कम महिन्याकाठी क्षुल्लक असते, परंतु सामाईक मीटरच्या बिलावरून झालेले तंटे क्षुल्लक नसतात. शिवाय वीज गेली की वाय-फाय जाते, आणि वाय-फाय गेले की मोबाईलवरील चित्रही जाते. तेव्हा रात्रीची वीज जेथे वारंवार जाते, तेथे लहानशा बॅटरीची सोय नसेल तर हा पहारेकरी ऐन वेळी झोपलेला आढळावयाचा.

आमच्या वडील पिढीस १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश चांगला आठवत असेल. त्याच्या अमलात भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी मिळवावी लागे, आणि त्या परवानगीच्या खटपटीत कित्येकांच्या चपला झिजल्या. ३१ मार्च २००० रोजी १९९९ चा अधिनियम अमलात आला आणि तो आदेश संपुष्टात आला. परंतु त्या काळचा परस्परसंशय मात्र संपला नाही. भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकला की याने घर बळकावले असे मालकास वाटावे, आणि मालकाने खिळा काढावयास सांगितला की हा आपल्याला घालवू पाहतो असे भाडेकरूस वाटावे, हा त्याच काळचा वारसा होय. यावर लेखी करार हाच उपाय. नव्या अधिनियमाच्या ५५व्या कलमाने तो लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले असून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. करार लेखी व नोंदणीकृत नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अशा करारात कॅमेऱ्यासंबंधी चार ओळी घालण्यास कितीसा वेळ लागतो? त्या साधारणतः अशा असाव्या: भाडेकरूने आपल्या प्रवेशद्वाराच्या चौकटीवर स्वखर्चाने एक कॅमेरा बसवावा व त्याची वीज स्वतःच्या मीटरवरून घ्यावी, त्याच्या चित्रात सामाईक अंगण, नळ, न्हाणी, धाब्याचा जिना अथवा दुसऱ्या बिऱ्हाडाचे दार येऊ नये, आवाजाचे मुद्रण बंद ठेवावे, आणि घर सोडताना कॅमेरा काढून छिद्रे बुजवून द्यावी.

येवढे झाले म्हणजे सर्व झाले, असे पुष्कळांस वाटते. मालकाची सही मिळाली, आता हरकत कोणाची? आमच्या मते खरा प्रश्न नेमका येथे सुरू होतो. करारावर सही करणारे यजमान दिवसभर शेतावर किंवा दुकानात असतात. कॅमेऱ्यात दिसावयाच्या त्या त्यांच्या घरच्या बायका, शेजारच्या बिऱ्हाडातील मुली, नळावर धुणे धुणाऱ्या कामाच्या बाई. त्यांना कोणी विचारले काय? भिंतीचा मालक भिंतीपुरती संमती देऊ शकतो. दुसऱ्याच्या चेहऱ्याची अन् दुसऱ्याच्या झोपेची संमती त्याने कोणत्या अधिकाराने द्यावी?

ही केवळ आमचीच समजूत आहे असे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदात अंतर्भूत असलेला मूलभूत हक्क होय, असा एकमुखी निर्णय दिला. हा हक्क घराच्या उंबऱ्याच्या आत कसा लागू व्हावयाचा, हे कलकत्त्याच्या एका प्रकरणात स्पष्ट झाले. एकाच वास्तूत राहणाऱ्या एका कुटुंबातील दोघांमध्ये कॅमेऱ्यांवरून तंटा झाला. एकाने राहत्या भागात कॅमेरे बसविले. दुसऱ्याची त्यास संमती नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने असे ठरविले की, सहनिवासी व्यक्तीच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालविणे हा तिच्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग आहे. आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. या निकालात भाडेकरू नाही, हे खरे. परंतु ज्याचा घरावर हक्क आहे त्यालाही जर घरातील दुसऱ्या माणसाला विचारल्यावाचून कॅमेरा चालविता येत नाही, तर अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यास तो सर्वांच्या अंगणावर कसा रोखता येईल? केरळ उच्च न्यायालयापुढे जानेवारी २०२३ मध्ये शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याविषयी अशीच तक्रार आली असता, सुरक्षेच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरात डोकावता येणार नाही असे त्या न्यायालयाने म्हटले होते.

फौजदारी बाजूही वाचकांनी लक्षात ठेवावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-ई कलमाखाली कोणाच्याही शरीराच्या खाजगी भागाचे चित्र त्याच्या संमतीवाचून हेतुपुरस्सर घेणे अथवा पसरविणे यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ७७वे कलम त्याहून कडक आहे. आपल्याला कोणी पाहत नाही अशी जेथे स्त्रीची साहजिक अपेक्षा असते, अशा ठिकाणी व अशा खाजगी अवस्थेत तिला टक लावून पाहणे वा तिचे चित्र घेणे याबद्दल पहिल्या अपराधास एक ते तीन वर्षे, पुढील अपराधास तीन ते सात वर्षे कारावास सांगितला आहे. दारावरच्या कॅमेऱ्यात चुकून न्हाणीचे दार आले तर लगेच कोणी तुरुंगात जात नाही. हेतू पाहिला जातो. परंतु शेजारणीने एकदा सांगितल्यावरही कॅमेरा तसाच राहिला, तर "नकळत झाले" असे म्हणण्यास मग तोंड उरत नाही.

उन्हाळ्यातील रात्रीविषयी येथे थोडे सविस्तर लिहिणे अवश्य वाटते, कारण हा प्रश्न शहरातील सदनिकांत राहणारांच्या ध्यानी सहसा येत नाही. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि रात्री माणसे अंगणात अथवा धाब्यावर निजतात. तेथे भिंत नसते. अंधार हाच पडदा असतो. हल्लीचे कॅमेरे हा पडदा मानीत नाहीत. भिंगाभोवती अवरक्त प्रकाशाचे बारीक दिवे बसविलेले असतात. त्यांपैकी ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्यांची निदान अंधुक तांबडी ठिणगी दिसते, पण ९४० नॅनोमीटरचे दिवे आपल्या डोळ्यांस मुळीच दिसत नाहीत. म्हणजे निजणाऱ्यास भोवती काळोख दिसतो, आणि मोबाईलमध्ये मात्र ती दिवसाप्रमाणे स्वच्छ, केवळ रंग गेलेली अशी दिसते! दिवसा ज्या कॅमेऱ्याविषयी कोणाचीच तक्रार नसते, तोच रात्री असह्य होतो तो याच कारणाने. चित्राचा नको असलेला भाग काळ्या चौकोनाने झाकण्याची सोय पुष्कळ कॅमेऱ्यांत असते. परंतु तो चौकोन मोबाईलवर बोट फिरविले की पुन्हा निघतो, आणि तो निघाल्याचे शेजाऱ्यास कळत नाही. त्यापेक्षा कॅमेऱ्याचे तोंडच आपल्या दाराकडे खाली वळवावे, किंवा घाण्याच्या बैलास बांधतात तशी पत्र्याची झापड दोन्ही बाजूंस बसवावी. ती सर्वांना दिसते, आणि दिसणाऱ्या झापडीवर विश्वास लवकर बसतो. स्क्रू पक्के आवळण्यापूर्वी मालकीणबाईंना व शेजारणींना बोलावून मोबाईलमधील चित्र एकदा दिवसा व एकदा दिवे मालवल्यावर दाखवावे. त्यांनी "थोडा अजून वळवा" म्हटले तर वळवावा.

हा विचार करताना बिऱ्हाडकरूने स्वतःच्या घरातही डोकावून पाहावे. कॅमेरा एकदा हाती आला की तो दाराबाहेर थांबत नाही. प्रथम दारावर, मग बैठकीत, मग स्वयंपाकघराच्या तोंडाशी. "लहान मूल आहे, लक्ष राहते" म्हणून लावलेला कॅमेरा सून किती वाजता उठली आणि माहेरी फोनवर किती वेळ बोलली, याची नोंद ठेवू लागतो. एकत्र कुटुंबात वडिलांचा धाक आणि सासूबाईंची नजर पूर्वीही होतीच. परंतु सासूबाई दुपारी तासभर निजत, आणि त्या तासात घरातील सुनांना मोकळा श्वास मिळे. कॅमेरा निजत नाही. कलकत्त्याच्या निकालातील संमतीचे तत्त्व येथेही लावून पाहावे, असे आमचे मत आहे, मग घर भाड्याचे असो वा मालकीचे.

याची दुसरीही बाजू आहे, आणि ती कारुण्याने भरलेली आहे. मुलगा पुण्यास किंवा अमेरिकेत. आईवडील गावी एकटे. वडिलांना रात्री उठताना तोल जातो. मुलगा सुटीत येऊन भाड्याच्या घराच्या माजघरात कॅमेरा लावून जातो आणि तेथे बसून आईवडिलांची चौकशी ठेवतो. यात प्रेमच आहे. त्यावर टीका करणे आमच्याच्याने होत नाही. तथापि आजीला कॅमेरा म्हणजे काय, तो केव्हा चालू असतो आणि आपण लुगडे बदलतो तेव्हा नातू अथवा नातसून ते पाहू शकते की काय, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगितले गेले पाहिजे. कापडाचा एक लहान तुकडा कॅमेऱ्यावर टाकण्याची मुभा तिला असावी. आणि तो टाकलेला दिसला म्हणून परदेशातून फोन करून तिला रागावू नये.

घरमालकाच्या कॅमेऱ्याविषयी थोडक्यात. फाटकाशी, सामाईक जिन्याच्या पायथ्याशी तो असल्यास बिऱ्हाडकरूने तक्रार करू नये. मात्र त्याची माहिती करार करतानाच मिळाली पाहिजे. बिऱ्हाडाच्या दारावर किंवा खिडकीवर रोखलेला कॅमेरा ही गोष्ट निराळी. १९९९ च्या अधिनियमाच्या २८व्या कलमाप्रमाणे मालकास जागा पाहावयाची असल्यास आधी सूचना देऊन वाजवी वेळी यावे लागते. ज्या कायद्याने मालकाच्या पावलांना सूचनेची अट घातली, तो त्याच्या कॅमेऱ्याला चोवीस तासांची मोकळीक देईल, हे संभवत नाही. १८८२ च्या अधिनियमातही भाडे वेळेवर देणाऱ्या भाडेकरूस मुदतभर जागेचा निर्वेध उपभोग मिळावा, अशी हमी मालकाकडून गृहीत धरलेली आहे.

आवाजाचा उल्लेख वर करारात आला आहे, तो उगाच नव्हे. कॅमेऱ्यातील ध्वनिग्राहक दारापुरता थांबत नाही. अंगणापलीकडील ओसरीवरचे बोलणे त्यात शिरते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथील कौंटी न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये एका शेजाऱ्याच्या दाराच्या घंटेतील व इतर कॅमेऱ्यांविरुद्ध निकाल दिला, त्यात दूरवरचे संभाषण टिपणारा ध्वनिग्राहक हा विशेष आक्षेपार्ह ठरला होता. तेथील कायदा निराळा आहे. पण ओसरीवर दोन जावा जे बोलतात ते तिसऱ्याच्या मोबाईलमध्ये जमा होऊ नये, हे समजावयास कायदा कशाला पाहिजे?

चित्रे चोरीस जाण्याचे भय काल्पनिक नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातकी संगणकप्रणालीने जगभरचे असंख्य कॅमेरे आपल्या ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेले सांकेतिक शब्द लोकांनी बदलले नव्हते म्हणून. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील स्त्रियांची चित्रे बाहेर पडून विकली गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा साऱ्या देशाला शरमेने मान खाली घालावी लागली. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेविषयी नियम काढले व ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. यास्तव बाजारात स्वस्त मिळतो म्हणून बेनामी कॅमेरा न घेता प्रमाणित घ्यावा, आणि पेटी उघडल्याबरोबर सांकेतिक शब्द बदलावा. घराचे नाव, मुलाची जन्मतारीख, असले शब्द ठेवू नयेत. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात "हा कोण फिरत आहे?" म्हणून चित्रे टाकण्याची जी खोड हल्ली लागली आहे, तीही आवरावी. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा अधिनियम निव्वळ घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीस लागू होत नाही. परंतु दोनशे माणसांच्या गटात टाकलेले चित्र घरगुती राहिले, असे कोणता वकील म्हणेल?

चोरी खरोखरीच झाली, तर चित्रांची घाईने काटछाट करू नये. मेमरी कार्ड भरले की नवे चित्र जुन्यावर लिहिले जाते, म्हणून कॅमेरा त्वरित बंद करून कार्ड काढून ठेवावे व पोलिसांस द्यावे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमाप्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. ते नसल्यास चोराचा चेहरा स्पष्ट दिसत असूनही त्या चित्राचा न्यायालयात उपयोग होणे कठीण.

शेवटी बदलीचा हुकूम येतो आणि बिऱ्हाड हलते. सामानाच्या गडबडीत कॅमेरा बहुधा विसरतो, किंवा "राहू द्या, तुम्हाला उपयोगी पडेल" म्हणून मालकांस दिला जातो. तसा द्यावयाचा असेल तर तो आधी आपल्या मोबाईलमधून तोडावा आणि मूळ स्थितीवर आणावा. नाही तर जळगावास गेलेल्या जुन्या बिऱ्हाडकरूच्या मोबाईलमध्ये नव्या बिऱ्हाडाचे दार दिसत राहते आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. मेमरी कार्ड स्वतःबरोबर न्यावे आणि त्यावरील शेजारपाजारची चित्रे पुसून टाकावी. चौकटीवरची दोन छिद्रे मेणाने बुजवावी, त्यावर रंगाचा हात द्यावा, आणि किल्ली देतेवेळी ती जागा मालकीणबाईंना दाखवावी.